आत्या मेली ते तीन दिवस

वडिलांशी मी आजवर एकच मोठं खोटं बोलले आहे, आणि तेही तोंडाने नाही, लिहून. सौसरहून पांढुर्ण्याला एक पोस्टकार्ड टाकलं आणि त्यात माझी आत्या वारली असं कळवलं. मी ते लिहीत होते तेव्हा आत्या माझ्या शेजारी बसून संत्रं सोलत होती.

मी तेव्हा नववीत होते. शाळा नागपूरला, इंग्रजी माध्यमाची, राहणं वसतिगृहात. घर पांढुर्ण्याला, कारण बाबांची कचेरी तिथे. बाबांची मोठी बहीण सौसरला दिलेली. तिच्या यजमानांना आम्ही मामाजी म्हणतो. त्यांची बोरगावच्या रस्त्यावर संत्र्याची लहानशी बाग आहे. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीतले आठ-दहा दिवस आत्या मला मागून घ्यायची, आणि बाबा मला मोहगाववरून जाणाऱ्या बसमध्ये बसवून द्यायचे.

बसवून द्यायचे, स्वतः यायचे नाहीत. दोन वर्षांपासून बाबा आणि आत्या एकमेकांशी बोलत नव्हते. एका भाऊबीजेला बाबांना कचेरीतून निघता आलं नाही, म्हणून त्यांनी साडी बसच्या कंडक्टरजवळ दिली. आत्याने ती त्याच कंडक्टरबरोबर, परतीच्या फेरीला, माघारी पाठवली आणि निरोप दिला, "मले भाऊ पाहिजे होता, पार्सल नाही." बाबांनी ती साडी कपाटात ठेवून दिली. पुढच्या भाऊबीजेलाही ते गेले नाहीत, आणि मी सांगते आहे त्या वर्षीही नाही. बाबा कोणत्याच गोष्टीवर फार बोलत नाहीत. मी त्यांच्यावर गेले आहे असं आमच्याकडे सगळे म्हणतात, आणि म्हणताना थोडी कीव केल्यासारखं म्हणतात.

त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आजोबा गेले त्या दिवशी घरात सगळे रडत होते, तेव्हा बाबा दाराशी वाकून आलेल्या माणसांच्या चपला सरळ लावत होते. मी लहान होते, पण ते मला पक्कं आठवतं.

त्या सुट्टीत माझ्या पिशवीत एक इंग्रजी पुस्तक होतं. वसतिगृहात इतक्या हातांतून फिरून आलेलं की मुखपृष्ठ आणि सुरुवातीची पानं गळून गेली होती, त्यामुळे त्याचं नाव मला आजही माहीत नाही. रक्त पिणाऱ्या मेलेल्या माणसांची गोष्ट होती. ही माणसं मरतात, त्यांना पुरतातही, पण ती पुरती मरत नाहीत. दिवसभर पेटीत पडून राहतात, दिवेलागणीला उठतात, आणि गावातल्या मुली दिवसेंदिवस पांढऱ्या पडत जातात. बागेत तोडणी चालू होती. मी खाटेवर बसून ते वाचायचे आणि कुणी हाक मारली की पान दुमडून ठेवायचे.

"काय वाचून राहिली व एवढं?" आत्याने एकदा विचारलं. "जेवाले आवाज देल्ला त ऐकू नाही येत."

एरवी मी "काही नाही" म्हणाले असते. माझं मराठी बोलणं तेव्हा प्रश्नाला एका वाक्याचं उत्तर देण्यापुरतं होतं. वसतिगृहात इंग्रजी बोलायचं, सुट्टीत घरी गप्प बसायचं, मधल्या जागेत मराठी जेमतेम मावायचं. पण त्या दिवशी मी सांगायला लागले, आणि आत्या हातातला पाला टाकून खाली बसली.

"म्हंजे मेलेला हाय, पन रगत पेते?"

"हो. आणि तो आरशात दिसत नाही."

"मंग भांग कसा पाडते थो?"

हे पुस्तकात नव्हतं. मी म्हटलं, त्याला लसूण चालत नाही. दाराला लसणाच्या माळा बांधल्या की तो आत येत नाही.

"आपल्या घरी आला त उंबरठ्यावरच जीव जाईन त्याचा," आत्या म्हणाली. आमच्या आत्याच्या वरणातही मूठभर लसूण असतो. "अजून काय?"

"घरातल्या माणसाने बोलावल्याशिवाय त्याला आत येताच येत नाही."

आत्या यावर बराच वेळ हसली. मग झाडाखाली पेट्यांना खिळे ठोकणाऱ्या मामाजींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "लय संस्कारी भूत हाय व. नाही त तुह्या मामाजीचे पाव्हने. न बोलावता येतेत अन् चार दिवस हालत नाहीत."

"तुह्याकडचं त कोनी येतही नाही," मामाजी खिळा न चुकवता म्हणाले. आत्या परत पाला उचलायला लागली. मामाजींच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी नंतर बराच वेळ उगाच ठोकठोक केली.

रोज दुपारी मग आत्याला पुढची गोष्ट हवी असायची, आणि ती बदल्यात मला इकडची भुतं सांगायची. ओढ्याकाठच्या पिंपळावरचा मुंजा, उलट्या पायांची हडळ, आणि ओळखीच्या वाटेवर माणसाला पहाटेपर्यंत गोल फिरवणारा चकवा. तिच्या भुतांपैकी रक्त कुणीच पीत नव्हतं. कुणाला भाकरी हवी असायची, कुणाला दहीभात, कुणाला हिरव्या बांगड्या. तिच्या मते आपल्या भुतांना फक्त काहीतरी मिळायचं राहून गेलेलं असतं, ते दिलं की ती जातात. पांढुर्ण्याच्या व्हिडिओ हॉलमध्ये मी एकदा भुताचा सिनेमा पाहिला होता. त्यातला राक्षस पूर्ण तीन तास विनाकारण ओरडत होता. तेही मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "त्याले कोनी जेव म्हनलं नसन."

सुट्टी संपायला आठवडा राहिला होता तेव्हा कावळ्याचं झालं.

आत्या सकाळी डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन बागेत आली, टोपलं खाली ठेवलं, आणि पदराने तोंड पुसत उभी राहिली. एक कावळा झाडावरून सरळ खाली आला, तिच्या डोक्यावर बसला, पंख दोनदा आपटले आणि उडून गेला. मी खाटेवरून पाहत होते. संत्री तोडणाऱ्या बायांनीही पाहिलं. त्यांचे हात थांबले.

"भाकरीवर बसला थो," मामाजी म्हणाले.

"टोपलं खाली होतं."

"मंग त्याले वाटलं डोक्यावरच हाय."

"डोक्यावर फक्त चुंबळ होती. कावळा चुंबळ खाते का?"

मामाजींनी टोपल्यावर फडकं ओढलं.

मला यातलं काही माहीत नव्हतं, म्हणून आत्यानेच समजावून सांगितलं. कावळा डोक्यावर बसणं म्हणजे मरणाचा निरोप. त्यावर उपाय एकच. जवळच्या माणसाला कळवायचं की आपण मेलो. ते माणूस ते खरं मानून रडलं, की मरण रडून झालं, आणि जिवावरचं टळलं. मग दुसरं पत्र टाकून सांगायचं की पहिलं खोटं होतं.

"मी रडतो न," मामाजी म्हणाले.

"तुमी कांदा कापतानी बी रडता. तुमचं धरत नाही. माहेरचं माणूस पाहिजे."

माहेरचं माणूस एकच उरलं होतं. आत्या माझ्याजवळ येऊन बसली आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाली, "तुहा बाप रडन का व?"

मी काय सांगणार होते? मला चपला आठवल्या. मी म्हटलं, "माहीत नाही."

माझा कावळ्यावर विश्वास नव्हता. आत्याचा होता, आणि तिला तो सकाळपासून जेवू देत नव्हता. पण तिची भीती नुसत्या कावळ्याची नाही, हे मला तिच्या प्रश्नावरून कळलं. मरण येईल याहून, मेल्याचं कळूनही भाऊ रडणार नाही, हे तिला मोठं वाटत होतं.

पत्र मीच लिहायचं ठरलं. मामाजींच्या अक्षरातलं असलं तर बाबा ओळखतील, कावळ्याची पद्धत त्यांनाही ठाऊक होती. "तुह्या हातचं असलं त त्याले खरं वाटन," आत्या म्हणाली. "तू खोटं बोलत नाही हे साऱ्याइले माहीत हाय." खरं तर मी बोलतच नव्हते, म्हणून खोटंही बोलत नव्हते, पण लोक त्यातला फरक करत नाहीत. शिवाय बाबांना माझं अक्षर चांगलं पाठ होतं. वसतिगृहातून मी त्यांना महिन्याला एक मराठी पत्र लिहायचे आणि ते लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवायचे.

मामाजींनी दोन कार्डं आणली आणि मजकूर सांगितला, "कळविण्यास अत्यंत दुःख होते की." मी लिहून वाचून दाखवलं.

"असं त म्हशीचंही लिहतेत," आत्या म्हणाली. तिने संत्र्याची फोड तोंडात टाकली. भूक परत आली होती, काम मार्गी लागलं होतं. "पुढं तुह्या मनानं लिही."

मी लिहिलं की काल सकाळी आत्याने माझ्या डोक्याला तेल लावून वेणी घालून दिली. रात्री झोपली ती सकाळी उठली नाही. तेलाचं खरं होतं. माझ्या वेणीला अजून वास येत होता. खोटं लिहिताना मधे एक खरं घातलं की पेन अडत नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं. मरणाच्या पत्राचा फाडतात तसा मामाजींनी कार्डाचा कोपरा फाडला. दुसऱ्या कार्डावर मी लिहिलं की आत्या बरी आहे, पहिलं पत्र कावळ्यासाठी होतं. ते तीन दिवसांनी टाकायचं होतं. तोवर ते माझ्या पुस्तकात राहील असं ठरलं.

पुस्तक काखेत घेऊन पोस्टाच्या पेटीपर्यंत मी एकटी गेले. कोपरा फाटलेलं कार्ड आत टाकलं. त्याचा पडल्याचा आवाजही आला नाही. मला बाबा दिसायला लागले. कार्ड वाचून खिशात घालणार, कुणाला काही न बोलता बसस्टँडवर उभे राहणार, आणि बसमध्ये दोन तास खिडकीबाहेर पाहणार. मी पुस्तक उघडलं आणि दुसरं कार्डही त्याच पेटीत टाकलं.

टाकलं तेव्हा वाटलं, बाबांना वाचवलं. घरी पोचेपर्यंत कळलं की आत्याला बुडवलं. दोन्ही कार्डं एकाच पिशवीतून जाणार होती. आता कोण रडणार?

मी कुणाला काही सांगितलं नाही. गप्प बसायची सवय असली की ते सोपं जातं.

पुढचे तीन दिवस आत्या मेलेली होती. सौसरहून पांढुर्ण्याला रोज कुणीतरी जातं, आणि तिला बाजारात पाहिलेल्या माणसाने तिथे जाऊन सांगितलं तर सगळंच फसणार. म्हणून ती दिवसा घराबाहेर पडेना. बागेत जाणं बंद. खिडक्या लोटलेल्या. दारावर कुणी आलं की मामाजी उंबऱ्यातूनच त्याची बोळवण करायचे. दिवेलागण झाली की आत्या अंगणात यायची, दोन्ही हात वर करून आळस द्यायची, आणि भिंतीच्या कडेकडेने फेऱ्या मारायची.

दुसऱ्या संध्याकाळी मी म्हटलं, "आत्या, तू अगदी त्या पुस्तकातल्यासारखी झालीस. दिवसा आत, अंधार पडला की बाहेर."

"होय व माय," ती म्हणाली. "पन मले रगत नको. चहा ठेव."

मेलेल्या आत्याला भूक फार लागायची. घरात बसून तिने तिळाचे लाडू केले, चकल्या केल्या. मामाजी म्हणाले, असं मरण त्यांनाही चालेल. पण दर जेवणाला ती हिशेब करायची. कार्ड आज निघालं असेल, आज पोचलं असेल. "आता वाचलं असन न?" ती विचारायची. आणि मग, माझ्याकडे न पाहता, "रडला असन का?" मी ताटात पाहायचे. तीन दिवसांत माझं जेवण निम्म्यावर आलं आणि आत्याला वाटलं मला भुताच्या पुस्तकाची भीती बसली. तिने ते उचलून लसणाच्या टोपलीत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फाटकाची कडी वाजली. बाबा होते. हातात पिशवी नव्हती, कपडे कचेरीचे होते, आणि ते फाटकाच्या आत येऊन तिथेच थांबले.

आत्या आतून धावत आली. दोन वर्षांनी भाऊ दारात होता, पण ती त्याला या म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. जवळ जाऊन तिने आधी त्यांचे डोळे पाहिले.

"लाल हायत," ती मामाजींना म्हणाली.

"बसमध्ये धूळ होती," बाबा म्हणाले.

"मागच्या सालीच डांबर झालं थ्या रस्त्याले," मामाजी म्हणाले.

बाबांनी शर्टाच्या खिशातून दोन कार्डं काढून खाटेवर ठेवली. एकाचा कोपरा फाटलेला, एक अख्खं. मामाजींनी चष्मा लावला, दोन्ही उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "दोन्हीवर शिक्का एकाच दिवसाचा हाय. एकात मेली, एकात जिती."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मला वाटलं आता गप्प राहिले तर कायमची राहीन. मी सांगितलं. दोन्ही कार्डं मीच एका वेळी टाकली, बाबा बसमध्ये एकटे असतील म्हणून टाकली, आणि आत्याचा विचार मी नंतर केला. इतकं लांब मी आमच्या घरात कधी बोलले नव्हते.

आत्या खाटेच्या कडेला बसली. रागावली नाही, त्यापेक्षा वाईट झालं. ती लहान दिसायला लागली. "म्हंजे त्याले माहीत होतं मी जिती हाय," ती म्हणाली. "मंग कायले रडन थो. वापस गेलं सारं."

बाबा फाटकापाशी आपल्या चपलांकडे पाहत उभे होते. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा सरळ प्रश्न विचारला. "बाबा, तुम्ही रडलात का?"

त्यांनी चपला काढून सरळ लावल्या. मग त्यांनी पोस्टमनची हकिकत सांगायला सुरुवात केली. पांढुर्ण्याचा आमचा पोस्टमन कार्डं वाचूनच वाटतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या सकाळी त्याने अख्खं कार्ड आधी हातात दिलं आणि म्हणाला, साहेब, आधी हे वाचा, बाई बरी हाय. बाबांनी ते वाचलं. मग त्याने कोपरा फाटलेलं दिलं आणि तो पुढे गेला.

"मंग?" आत्या म्हणाली.

"मग ते वाचलं."

"मंग?"

"दोन घरं टाकून पोस्टमन परत आला," बाबा म्हणाले. "म्हणाला, साहेब, मी सांगतलं न तुम्हाले बाई बरी हाय म्हनून, मंग काहून रडून राहिले?"

मामाजींनी चष्मा काढला आणि निकाल दिला. मेली असं समजून तर कुणीही रडेल. जिवंत आहे हे माहीत असून जो रडला, त्याचं रडणं दुप्पट धरलं पाहिजे, आणि कावळ्याला एवढ्यात भागवून घ्यावं लागेल. आत्याने निकाल मान्य केला की नाही ते कळलं नाही. तिने कार्ड उचलून बाबांपुढे धरलं.

"कोन्त्या ओळीले रडला?"

बाबांनी बोट ठेवलं. मी डोकावून पाहिलं. तेलाची ओळ होती. कार्डावर लाल शाईची एकही खूण नव्हती, आणि त्यात चुका तर होत्या.

"शाळेत जायच्या आधी तू लावायचीस," बाबा म्हणाले. "जोरात."

"तेलाले रडला?" आत्याचा आवाज परत मोठा झाला. "अन् तुले टायफॉइड झाला तवा एकवीस दिवस उशाशी बसली थे नाही आठवलं?"

"ते कार्डात नव्हतं."

आत्या माझ्याकडे वळली. "काहून नव्हतं व?"

मला टायफॉइडचं माहीतच नव्हतं, हे मी सांगितलं. आत्याने मामाजींना वही आणायला लावली. खऱ्या वेळेला अशी घाई नको, सगळं आताच लिहून ठेव, असं तिने मला बजावलं, आणि भिंतीला टेकून सांगायला बसली. टायफॉइड. नदीच्या पुरात खांद्यावरून शाळेत नेलं ते. परीक्षेच्या फीसाठी आपली कानातली मोडून दिली ते.

"चौदा दिवस होते, बाई," बाबा म्हणाले. "एकवीस नाही."

"मेलेल्या बाईच्या तोंडी लागते."

"आणि पूर नव्हता. गुडघाभर पाणी होतं."

"तुहा गुडघा होता का थो? माहा होता."

मी लिहीत होते. कुणाचं खोडायचं आणि कुणाचं ठेवायचं ते मला ठरवता येईना, म्हणून मी दोघांचंही लिहिलं, एकाखाली एक. बाबा कधीतरी फाटकापासून खाटेपर्यंत आले होते, आणि चकली खात हरकती घेत होते. ते इतके बोलतात हे मला माहीत नव्हतं. चारची बस रस्त्यावरून गेली. सगळ्यांनी ऐकली. बाबा उठले नाहीत, आणि आत्याने विचारलं नाही. तिने आत जाऊन रोजच्यापेक्षा दोन मुठी जास्त कणीक भिजवली आणि आतूनच ओरडून सांगितलं की वही मिटू नका, कानातल्यांचं अजून अर्धं राहिलं आहे.